१९४५ च्या ऑगस्टमधल्या ‘लाइफ’ या अमेरिकन सचित्र साप्ताहिकाच्या अंकांत काय होतं? आजोबांकडचे अंक बाइंड करून ठेवावेत का?

बाइंड करा, पण जाहिरातींच्या पानांना हात लावू देऊ नका. बाइंडर ‘जाहिराती काढू ना?’ म्हणून विचारतोच. नाही म्हणून सांगा, आणि समोर उभं राहून सांगा.

आमच्या वाचनालयाला एका निवृत्त इंजिनिअरांनी युद्धकाळातल्या ‘लाइफ’चा गठ्ठा दिला होता. मी तेव्हा संध्याकाळी देवघेवीला बसायचो. कार्यवाहांनी गठ्ठा बाइंडिंगला धाडला, ‘नुसता मजकूर ठेवा’ असं बजावून. खंड परत आले ते निम्म्या जाडीचे, कव्हरंसुद्धा गायब. बरं, ‘लाइफ’मधले लांब लेख मागच्या पानांवर जाहिरातींना खेटून पुढे चालायचे. जाहिराती गेल्या तसे तेही अर्ध्यात तुटले. मी बोललो तर कार्यवाह म्हणाले, “साबणाच्या जाहिराती वाचायला इथं कोण येतंय?”

मी येत होतो.

आता अंकांचं. २० ऑगस्टच्या अंकात हिरोशिमा-नागासाकीवरचे ढग पानपानभर आहेत. ढगाखाली काय झालं ते नाही. होरपळलेल्या माणसांचे फोटो ‘लाइफ’ने सविस्तर छापले ते १९५२ च्या सप्टेंबरात. २७ तारखेच्या मुखपृष्ठावर युद्धाचा मागमूस नाही, पाण्याखाली पोहणारी बाई आहे. विजयाच्या जल्लोषाला आत बारा पानं, त्यातच छायाचित्रकार आयझेनस्टाटने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये टिपलेलं, खलाशाने एका मुलीचं घेतलेलं ते प्रसिद्ध चुंबन. समोरच्या पानावर वॉशिंग्टन, कॅन्सस सिटी आणि मायामीतली तसलीच जोडपी. त्या फोटोतली मुलगी आपणच, असं सांगणाऱ्या ग्रेटा फ्रीडमन पुढे म्हणाल्या की खलाशाने आपल्याला विचारलंच नव्हतं. लोक मात्र अजून तो प्रेमाचा फोटो म्हणून भिंतीवर लावतात.

पण युद्ध संपलं म्हणजे घरात काय बदललं, हे जाहिरातींत दिसतं. अमेरिकेत १९४२ च्या फेब्रुवारीपासून नागरिकांसाठी मोटारी बनणंच बंद होतं. विकायला माल नाही, तरी कंपन्या जाहिराती देत राहिल्या, कारण तो खर्च करातून वजा होत असे. ‘आज विमानांचे भाग करतोय, विजयानंतर तुमचा फ्रिज’, असा सगळा सूर. पेट्रोलचं रेशनिंग १५ ऑगस्टला उठलं, साखरेचं १९४७ पर्यंत चाललं. त्या चिडचिडीत फ्रिजचं चित्र बघणाऱ्या बाईला काय वाटलं असेल, हे संपादकीयात सापडणार नाही.

पुढे गूगल बुक्सवर ‘लाइफ’चे जुने अंक आले, जाहिरातींसकट. आमच्या खंडांतून कापलेली पानं मी तिथेच वाचली. म्हणजे स्कॅन करणाऱ्यांनाही पटलं, कार्यवाहांनाच पटलं नव्हतं.

जाहिराती खोटं बोलतात, हे मान्य. शिवाय त्यातली माणसं जवळपास सगळी गोरी आणि खात्यापित्या घरची. त्यावरून अख्खी अमेरिका ठरवू नका.

किंमत विचारलीत, तर फार आशा नको. लाखो प्रती छापल्या जायच्या. कव्हर शाबूत आणि पानं पूर्ण असली तरच कोणी विचारेल. आमच्या वाचनालयाचे खंड रद्दीवाल्यानेसुद्धा वजनावर घेतले असते, तेही निम्म्या.