ऐतिहासिक चित्रपटात सरदाराच्या अंगरख्याचं कापड बाहेरून रेशमी आणि आतून सुती का असतं? पैसे वाचवायला का?

नाही, सुती बाजू अंगाला लागावी म्हणूनच ते कापड तसं विणायचे; त्याला मशरू म्हणतात. ताणा (उभे धागे) रेशमाचा, बाणा (आडवे धागे) सुताचा, वीण साटिनची. प्रत्येक रेशमी धागा चार सुती धाग्यांवरून जाऊन एकाखाली दबतो (दाट विणीत सातांवरून), त्यामुळे वर सगळं रेशीम आणि पाठीला, म्हणजे कापडाच्या आतल्या बाजूला, सूत. मुस्लिम पुरुषांनी रेशीम थेट अंगाला लावू नये असा दंडक होता, म्हणून 'मशरू', म्हणजे शरियतला मान्य. शिवाय मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घाम सूतच टिपतं, म्हणून धर्माचा प्रश्न नसलेलेही ते वापरत.

मात्र संभाजीनगरचं रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, हिमरू, म्हणजे मशरू नव्हे. त्याच्या पाठीला नक्षीचे धागे मोकळे लोंबतात, अंगठीत-कड्यात अडकून ओढले जातात, सबब हिमरूच्या शेरवानीला अस्तर लागतंच. मशरूला त्याची गरज नाही.

नाटकासाठी भाड्याने घेणार असाल तर कापड उलटं करून बघा. दोन्ही बाजू गुळगुळीत असल्या तर ते बहुधा पॉलिस्टर साटिन. दिव्यांखाली भलतंच चमकतं आणि अंगाला चिकटतं. शिवणीच्या आतल्या कडेतून कापडाचा (शिलाईचा नव्हे) एक धागा काढून जाळा: कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सूत, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. ही परीक्षा पाठीच्या धाग्याचीच करा, कारण वरचं 'रेशीम' आजकाल बरेचदा रेयॉन असतं आणि तेही सुतासारखंच जळतं.