अ‍ॅन रूलनंतर काय वाचावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : खऱ्या गुन्ह्यांवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका अ‍ॅन रूलचं 'द स्ट्रेंजर बिसाइड मी' वाचलं, पाठोपाठ तिचे छोट्या गुन्हे-प्रकरणांचे दोन संग्रह वाचले, आणि आता रात्री दाराची कडी दोनदा बघितल्याशिवाय झोप येत नाही. हेच वाचत राहावं, की दुसऱ्या नॉन-फिक्शनकडे वळावं?

संग्रहांपेक्षा पहिलं पुस्तकच मनातून जात नाही, असंही तुम्ही लिहिलंय. मी वीसेक वर्षं अशी पुस्तकं वाचतेय आणि माझंही तसंच झालं होतं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथेच दिसतं.

रूल आधी सिअ‍ॅटल पोलिसांत होती. नंतर घर चालवायला गुन्ह्यांच्या मासिकांत 'अँडी स्टॅक' या पुरुषी नावाने लिहायची. १९७१ मध्ये ती आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठीच्या हेल्पलाइनवर रात्रपाळी करत होती आणि तिच्यासोबत फोन घ्यायला असायचा टेड बंडी, पुढे अनेक तरुणींचा खुनी ठरलेला. पाळी संपली की तो तिला गाडीपर्यंत सोडायला यायचा, नीट जा म्हणायचा. १९७४ मध्ये तरुण मुली नाहीशा होऊ लागल्या. संशयिताने आपलं नाव 'टेड' सांगितल्याचं बाहेर आलं, तेव्हा रूलने बंडीचं नाव पोलिसांना कळवलं. पण अशा हजारो नावांच्या ढिगात ते दबून गेलं. त्या मुलींवरच्या पुस्तकाचा करार तिने बंडी पकडला जाण्याआधीच केला होता आणि ते पुस्तक आपल्याच मित्राविषयी असणार, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. १९८० साली ते आलं. 'मला तेव्हाच कळलं होतं' असा आव त्यात कुठेच नाही. उलट विश्वास बसायला किती वर्षं लागली, हे तिने पानोपानी मांडलंय. संग्रहांतल्या गोष्टींशी तिचं असं नातं नाही, म्हणून त्या वाचून होतात आणि विसरल्याही जातात.

रूलचं आणखी एकच वाचायचं तर 'स्मॉल सॅक्रिफायसेस' (१९८७) घ्या. १९८३ मध्ये ओरेगन राज्यात एका आईने स्वतःच्या तीन मुलांवर गोळ्या झाडल्या. एक मुलगी गेली. मोठी वाचली, पण मेंदूला धक्का बसून तिची वाचा गेली. ते लेकरू पुन्हा एकेक शब्द बोलायला शिकतं आणि पुढच्या वर्षी कोर्टात उभं राहून आईविरुद्ध साक्ष देतं. पुस्तकाचा जीव तिथे आहे. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाने आणि त्याच्या बायकोने पुढे वाचलेली दोन्ही मुलं दत्तक घेतली. हे पुस्तक मात्र दिवसा वाचा. झोपेचं म्हणाल तर मी एवढंच पाळते की खुनाचं पुस्तक अंथरुणात न्यायचं नाही.

आता दुसरीकडे वळण्याबद्दल. विषय बदलण्याआधी आपली निवडीची पद्धत बदला. मी पहिली पन्नासेक पानं वाचते आणि बघते : जो माणूस गेला, त्याची ओळख झाली का? तो कुठे वाढला, काय काम करायचा, त्याची वाट बघणारं कोण होतं? खुन्याचंच बालपण, खुन्याचेच डोळे चालू असतील तर पुस्तक परत ठेवते.

या कसोटीवर माझ्या लेखी सगळ्यांत वरचं पुस्तक हॅली रूबेनहोल्डचं 'द फाइव्ह' (२०१९). १८८८ मध्ये लंडनमध्ये 'जॅक द रिपर'ने मारलेल्या पाच बायकांची ही चरित्रं. मारेकऱ्याला तिने जवळजवळ जागाच दिलेली नाही. पॉली निकोल्स लोहाराची मुलगी, संसार छापखान्यात काम करणाऱ्या नवऱ्याशी. एलिझाबेथ स्ट्राइड स्वीडनच्या एका खेड्यातून आलेली. अ‍ॅनी चॅपमनचा नवरा बड्या घरी गाडीवान. 'पाचही वेश्या होत्या' हे सव्वाशे वर्षं घोकलं गेलं. त्यातल्या तिघींबाबत तसा पुरावाच नाही, असं रूबेनहोल्ड कागदपत्रं काढून दाखवते. घर मोडलं, दारू लागली, रात्रीच्या खाटेपुरते पैसे नव्हते, म्हणून त्या रस्त्यावर होत्या. मला हे वाचून राग आला होता, अजून येतो.

मुंबईचं हवं तर एस. हुसेन झैदींचं 'ब्लॅक फ्रायडे'. १२ मार्च १९९३ चे स्फोट, २५७ मृत्यू आणि त्यांचा तपास. टोळ्यांच्या उदयाच्या गोष्टींपेक्षा हे मला अधिक मोलाचं वाटतं.

खून नकोच असेल तर पत्रकार पी. साईनाथ. 'एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट' (१९९६) मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' नावाने मिळतं. दुष्काळ निवारणाचा पैसा हे कुणासाठी तरी तिसरं पीकच कसं असतं, ते यात गावोगावच्या बातमीदारीतून उलगडतं. शोध इथेही आहे, फक्त आरोपी एकटा नाही. सोबत अनिल अवचटांचं 'माणसं' ठेवा. सोपी वाक्यं, आणि समोरच्याजवळ बसून विचारलेले साधे प्रश्न.

आणि एक जुनं, जे मी प्रत्येकाला सुचवते : विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घरचं कर्ज फेडायला, दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाला आणि १८५७ च्या बंडात सापडला. झाशी पडली तेव्हा तो शहरात होता. कत्तल, लपून काढलेले दिवस, पाण्यासाठीची तडफड, सगळं त्याने पाहिलेलं आहे. वाटेत लुटला गेला, तरी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी पोचला. पुस्तक १९०७ साली छापलं गेलं. भाषा जुनी आहे, म्हणून टिपा असलेली आवृत्ती मागा आणि पहिली वीस पानं मोठ्याने वाचा. मग कान सरावतो.