खुनाची गाणी घेतं कोण?

प्रश्न : अमेरिकेत शिकणारी माझी भाची सांगते, तिकडे दोनशे वर्षांपूर्वी एखादा भयंकर खून झाला की त्यावर कविता छापून रस्त्यावर विकत. आपल्याकडे पोवाडा वीराचा असतो. खुन्याची कविता पैसे देऊन कोण घेणार? — एक वाचक, मल्हारगंज, इंदूर

उत्तर : अहो, जन्मभर खजुरी बाजारात आरत्या आणि व्रतकथा विकल्यात मी. स्वस्त कागद, माथ्यावर ठसठशीत चित्र आणि मोठ्याने म्हणता येईल असा मजकूर, एवढं जमलं की माल पडून राहत नाही. बॉस्टनच्या छापखानेवाल्यांनी हेच केलं. एकच पान, एकाच बाजूला छापलेलं, काळी किनार, लाकडी ठशांनी उमटवलेली शवपेट्यांची चित्रं. पुष्कळदा वर ओळखीच्या चालीचं नाव. फेरीवाले ती पानं गावोगाव नेत, आणि फाशी असली की भर गर्दीत विकत.

अज्ञानदासाचा पोवाडाही वधाचाच आहे, अफझलखानाच्या. तिथे मारणारा नायक, एवढाच फरक. तिकडच्या कितीतरी कवितांत खुनीच बोलतो, ‘मी पापी, मला पाहून शहाणे व्हा’ अशा थाटात. लिहिणारा बहुधा भाडोत्री. त्यातला उपदेश मला वरचा वर्ख वाटतो. गिऱ्हाईक रक्तासाठी येई.

पण १७८२च्या डिसेंबरात कनेक्टिकटमधल्या वेदर्सफील्ड गावी हा साचा अपुरा पडला असणार. विल्यम बीडल हा तिथला प्रतिष्ठित व्यापारी. स्वातंत्र्ययुद्धात कागदी चलन कोसळलं, त्यात तो बुडाला. त्याने बायको आणि चार मुलांना मारलं, मग स्वतःवर पिस्तुलं झाडली. मागे ठेवलेल्या लिखाणात पश्चात्ताप नव्हताच. आपण त्यांना सोडवतोय, असा त्याचा हिशेब. फाशी नाही, कबुली नाही, म्हणजे ‘मी पापी’ म्हणणार कोण? तरीही कविता छापली गेलीच. शेजारच्या भल्या माणसाने असं करावं, याचीच तर लोकांना धास्ती होती!

काव्य म्हणून बहुतेक माल सुमार. टिकला तो आयझाया थॉमस या मुद्रकामुळे. सामान्य लोकांत काय खपतं ते पुढच्यांना कळावं म्हणून त्याने १८१४च्या सुमारास बॉस्टनच्या एका विक्रेत्याकडची तीनशेहून अधिक गाणी घेतली, बांधून काढली आणि वूस्टरच्या ‘अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी’ला दिली. ही संस्था १८१२ साली त्यानेच काढलेली. त्या संग्रहात खुनाखेरीज प्रेमाची, दर्यावर्दींची, लढायांचीही गाणी आहेत. संस्थेने ती इंटरनेटवर ठेवली आहेत. भाचीला घरबसल्या पाहता येतील.