मेक्सिको सिटीत ऑफिसच्या कामासाठी काही महिने राहणार आहे. तिथलं पारंपरिक घरगुती जेवण कुठे मिळेल? मी शाकाहारी आहे, अंडं चालतं.

टॅको संध्याकाळी रस्त्यावर खालच, पण रोजच्या जेवणासाठी ऑफिसजवळची 'फोंदा' शोधा. आपल्या खाणावळीसारखाच प्रकार: मोजकी टेबलं, त्यांवर प्लॅस्टिक, दारात हाताने लिहिलेला आजचा मेनू. दुपारी एक ते पाचच्या सुमारास तिथे 'कोमिदा कोरिदा' मिळतं, म्हणजे ठरलेल्या दरात पूर्ण जेवण. साध्या ठिकाणी शंभर पेसोच्या आगेमागे. आधी सूप, मग भात, मग 'गिसादो' म्हणजे मुख्य कालवण. सोबत फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, आणि जास्वंदवर्गातल्या 'हामाइका'चं किंवा चिंचेचं सरबत.

टोमॅटोतला तो लालसर भात कालवणाच्या आधी वेगळा येतो. मी तो सरळ राखून ठेवतो आणि गिसादो आलं की कालवतो. वाढणाऱ्या बाई हसतात, हसू देत. थोडे जास्त पैसे देऊन त्या भातावर तळलेलं अंडं मागता येतं. तुमची अर्धी सोय तिथेच झाली.

उरलेल्या अर्ध्यासाठी जरा चौकस राहावं लागेल. नुसतं 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हणालात तर कोंबडी किंवा हॅम पानात येऊ शकतं, कारण बरेच जण ते मांसात धरतच नाहीत. शिवाय सूप आणि भात बहुधा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, आणि घेवड्याच्या फ्रिहोलेसना डुकराची चरबी असू शकते. म्हणून 'काल्दो दे पोयो' (कोंबडीचं पाणी) आणि 'मान्तेका' (डुकराची चरबी) हे दोन शब्द पाठ करा आणि प्रत्येक पदार्थाबद्दल विचारा. निवडुंगाची भाजी (नोपालेस), चीज भरून अंड्यात घोळवून तळलेली मिरची, फ्लॉवरचे वडे हे फोंदात नेहमी दिसतात. घोळीची भाजीही मिळते, पण ती हिरव्या सालसात डुकराच्या मांसाबरोबरच शिजवलेली असते. जीव हळहळतो.

तोर्तियाला मात्र नावं ठेवू नका. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवतात, सालं काढून दळतात. त्यामुळे पीठ मळायला नीट येतं आणि मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युनेस्कोने २०१० साली मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला वारशाच्या यादीत घेतलं, त्यात या पद्धतीचाही उल्लेख आहे. पॅकेटातल्या कडक, घडी घातलेल्या टॅकोचा या जेवणाशी काही संबंध नाही.

सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर रोमा सुर या भागातल्या मेदेयीन बाजारात जा, आत खाण्याचे गाळे आहेत. फोंदात अडीचच्या आत पोचा, चांगले गिसादो लवकर संपतात. आणि राजधानीत केसादिया (सारण भरून घडी घातलेली तोर्तिया) मागताना 'कोन केसो' म्हणजे 'चीजसह' नक्की म्हणा, नाहीतर ती चीजशिवायही हातात पडते!