मदतनीस टी पेशींवर काम सुरू करताना

कायनेजांची (इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या विकरांची) नावे पाठ करण्यापेक्षा आपण आधी एकच साखळी शेवटपर्यंत नीट समजून घ्यावी, असे मी सुचवेन. इंटरल्यूकिन-१२ हे सायटोकाइन (पेशींमध्ये संदेश नेणारे प्रथिन) पेशीवरील आपल्या ग्राहीला चिकटले की जॅक-२ आणि टिक-२ ही कायनेजे सक्रिय होतात, स्टॅट-४ या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात आणि पेशी टीएच-१ या मदतनीस पेशींच्या एका प्रकाराच्या वाटेला लागते. इंटरल्यूकिन-४ मात्र जॅक-१ व जॅक-३ मार्फत स्टॅट-६ ला चेतवून तिला टीएच-२ या दुसऱ्या प्रकाराकडे वळवते. नवशिके हमखास फसतात ते इथे: ताज्या, नाइव्ह (प्रतिजनाशी अजून गाठ न पडलेल्या) पेशींवर इंटरल्यूकिन-१२ घालून ते स्टॅट-४ चा संकेत शोधत बसतात, पण त्या ग्राहीचा बीटा-२ घटक पेशी आधी सक्रिय झाल्याशिवाय पुरेसा प्रकटतच नाही.

स्टॅटवर चढलेले फॉस्फेट मोजताना मिनिटांचा हिशेब ठेवावा. सायटोकाइन धुऊन काढलेल्या नळ्या पेशी स्थिर करणारे फॉर्मल्डिहाइड न घालता तशाच ठेवून मी एकदा राजारामपुरीत चहाला गेलो होतो (कोल्हापुरात चहा लवकर संपत नाही). परतेपर्यंत फॉस्फेटेजांनी (फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकरांनी) आपले काम उरकले होते आणि चेतवलेल्या व न चेतवलेल्या पेशींचे आलेख एकमेकांवर तंतोतंत बसले. चेतवल्यापासून साधारण १५ मिनिटांनी पेशी त्याच नळीत स्थिर कराव्यात, आणि धुणे नंतर करावे.