मुडदुशी ही मासळी खाडीत मिळते की समुद्रात? आणि साफ करताना तिच्यात वाळू का सापडते?

मुडदुशी दोन्हीकडे मिळते, फक्त तळ वाळूचा हवा; निव्वळ चिखलात ती फारशी रमत नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहते, खाडीतही शिरते. पिल्लं तर बरीचशी खाडीतच वाढतात, कमी खारट पाणी त्यांना सोसतं. वाळू येते ती खाण्यातून. निमुळत्या तोंडाने ती तळ उकरून किडे आणि बारीक कोळंबी टिपते. आतडं चिरून बघा, किड्यांच्या तुकड्यांसोबत रेती दिसेल. शिवाय जाळं जवळ आलं की बाई चक्क वाळूत घुसते, म्हणून कल्ल्यांतही कण अडकू शकतात. हे वर्णन सिलॅगो सिहामा या नेहमीच्या जातीचं. बाजारात मुडदुशी म्हणून तिच्या जवळच्या इतर जातीही येतात. कल्ले काढून पोट वाहत्या पाण्याखाली धुवा, कचकच लागणार नाही.