पहिली गोधडी शिवताना

अगं, दिवाळीआधी गोधडी पुरी व्हायला हवी असेल तर आत्ताच बस. दसऱ्यानंतरच्या या उन्हात धुतलेलं कापड दुपारपर्यंत कडक वाळतं. ओलसर कापड आत राहिलं तर कुबट वास काही केल्या जात नाही.

कापड सुतीच घे. जुनी नऊवारी, धोतर, विटलेले शर्ट, सगळं चालतं. नायलॉनच्या साड्या मात्र नकोत, सुईखाली घसरतात आणि अंगाला चिकटतात. लाल-निळं कापड आधी वेगळं भिजवून रंग जातो का ते बघ.

जमिनीवर चटई टाक, त्यावर साडी पसर, मध्ये जुनेर, वर दुसरी साडी. काठ विटांनी दाबायच्या आधी सुरकुत्या मधून कडेकडे हाताने सार. मग लांब लांब टाके घालून सगळं टाचून घे. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण टाळलंस की मध्ये फुगा येतोच. त्यानंतर कडेपासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी आत ये; दोन ओळींत बोटभर अंतर ठेव. दोरा दीड हातच घे, लांब घेतला की गुंता झालाच म्हणून समज. टाके वाकडे पडले तर पडू देत. मशीनची गोधडी बाजारात मिळतेच की!

आणि मूग-उडीद साठवायचे कसे, हेही विचारलं होतंस ना? ऊन दे, पण पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर, नाहीतर आत घाम धरतो. वर सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला टाक.